१४ दिवस आणि २५ किलोमीटर

उद्योगपती सरकारवर दबाव आणतात अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दिल्ली येते, मुंबई येते, काचेच्या इमारती येतात. कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला एवढं लांब जावं लागत नाही. इथे साखर कारखान्याचा अध्यक्ष आमदार असतो, खासदार असतो, कधी मंत्री असतो. ऊस विकत घेणारा तोच आणि उसाचे पैसे कधी, किती हप्त्यांत द्यायचे हे ज्या सभागृहात ठरतं तिथे बसणाराही तोच. जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती, शिक्षण संस्था, सगळीकडे तीच आठ-दहा आडनावं. लहानपणापासून पाहत आल्यामुळे यात काही खटकण्यासारखं आहे हेच आपण विसरून जातो.

मी कर सल्लागार आहे. माहेर शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेकाठचं. आबांचा, म्हणजे वडिलांचा, ऊस आहे. दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. लेथ, दोन व्हीएमसी यंत्रं, हाताखाली मोजकी माणसं. ‘सरकारने नियम सैल करावेत’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं या दोघांकडूनही ऐकत आले आहे आणि दोघांचाही त्यामागचा अनुभव खरा आहे. म्हणून नियमनमुक्तीवर कुणी सरसकट बोलायला लागलं, बाजूने किंवा विरोधात, की मी अस्वस्थ होते. कुठला नियम, हे कुणी विचारतच नाही.

आबांपासून सुरुवात करते. तरुणपणी त्यांच्या शर्टावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. शरद जोशींच्या सभेला ते ट्रकमधून जायचे. तेव्हा झोनबंदी होती: ज्या कारखान्याच्या क्षेत्रात तुमचं रान, त्यालाच ऊस घालायचा. शेजारचा कारखाना टनामागे चार पैसे जास्त देत असला तरी ट्रॅक्टर तिकडे वळवायची परवानगी नाही. सरकारचा हात शेतकऱ्याच्या खिशात आहे, तो काढा, बाजार खुला करा, अशी ती मागणी होती. आज मोकळ्या बाजाराचं नाव काढलं की बड्या कंपन्या आठवतात, पण आमच्या गावात ती मागणी आधी धोतर-टोपीतल्या माणसांनी केली होती, लाठ्या खाऊन केली होती. झोनबंदी उठली आणि त्याचा फायदा आबांना झाला, हे त्यांनी कधी नाकारलं नाही.

आता दुसरा नियम बघा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साध्या दोन ओळी. शेतकऱ्याच्या हातात यापेक्षा धारदार हत्यार दुसरं नाही, कारण सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, पोराची फी, सगळं त्या पैशावर उभं असतं. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारने निर्णय काढला की एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत देता येईल: आधी एक ठरावीक उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, धरून पहिला हप्ता आणि हंगाम संपल्यावर त्या वर्षीचा प्रत्यक्ष उतारा काढून उरलेली रक्कम. पुणे आणि नाशिक विभागांसाठी पहिल्या हप्त्याचा उतारा १० टक्के धरला.

वाचायला हे हिशेबाचं किरकोळ काम वाटतं. मी त्या संध्याकाळी आबांसमोर कागदावर आकडे मांडले. आमच्या भागात उतारा १२ टक्क्यांच्या आसपास असतो. त्या हंगामाची एफआरपी १० टक्के उताऱ्याला क्विंटलला २९० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे. म्हणजे वरच्या दोन टक्क्यांचे ५८ रुपये क्विंटलला, ५८० रुपये टनाला. तोडणी-वाहतूक कापायच्या आधीचा हा हिशेब. दर टनामागे ५८० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे बिनव्याजी राहणार. एका कारखान्याचं काही लाख टनांचं गाळप डोळ्यांसमोर आणा, म्हणजे किती मोठी रक्कम एका सहीने शेतकऱ्याच्या घरातून कारखान्याच्या खात्यात मुक्कामाला गेली ते कळेल.

आबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, “कारखाना आपला म्हणून शेअर घेतला. आता आपल्याच कारखान्यावर आपलंच पैसं मागाय मोर्चा काढायचा.”

संघटनांच्या रेट्यामुळे आमच्याकडे काही कारखान्यांनी तरीही एकरकमी दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राचा आदेश राज्याला असा मोडता येत नाही, हा त्यातला मुद्दा. पण २०२२ ते २०२५ मधले हंगाम गेले ते गेलेच.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथून पुढे आहे. त्याच कारखानदारीला एक नियम अतिशय प्रिय आहे: अंतराचा. दोन साखर कारखान्यांमध्ये हवाई अंतर किमान १५ किलोमीटर हवं असं केंद्राचा आदेश सांगतो. महाराष्ट्राने ते २५ केलं. कारण दिलं जातं की उसाची पळवापळवी होऊ नये, कारखाने बंद पडू नयेत. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर नवा गिऱ्हाईक येऊ न देण्याचाच हा बंदोबस्त. आमच्या जिल्ह्यात कारखाने आधीपासून दाट आहेत. तोडणी टोळी वेळेवर मिळावी म्हणून खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागितले जातात, काटामारीच्या, म्हणजे वजन कमी दाखवल्याच्या, तक्रारी असतात, पण ‘जमत नसेल तर दुसरीकडे घालतो’ असं म्हणण्याची थोडी तरी सोय आहे आणि दर त्याच सोयीमुळे बरा मिळतो. जिथे अशी सोय नाही तिथला शेतकरी तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरतो.

सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर उद्योग नियंत्रणमुक्त करण्याचा अहवाल दिला तेव्हा त्यात अंतराची अट हळूहळू काढा, ऊस राखीव क्षेत्र बंद करा, साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला द्या, असं सगळं एकत्र होतं. लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला स्वस्तात द्यायची साखर, बंद करा आणि साखर विक्रीचे कोटे उठवा, हेही होतं. २०१३ मध्ये केंद्राने यातलं काय उचललं? लेव्ही गेली, विक्रीचे कोटे गेले. कारखान्यांना मोकळं करणारा भाग लगेच अमलात आला. शेतकऱ्याला मोकळं करणारा भाग राज्यांवर सोडला आणि आपल्या राज्यात २५ किलोमीटर जागच्या जागी राहिले.

पुढे साखर स्वस्त झाली तेव्हा काय झालं? २०१८ च्या जूनमध्ये सरकारने साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरवून दिली, महिन्याचे विक्री कोटे परत आणले. २०१९ च्या फेब्रुवारीत ती किंमत ३१ केली. बाजार पडला तेव्हा मोकळ्या बाजाराची भाषा संपली. यात कारखान्यांची बाजू अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१८-१९ ला टनाला २७५० असलेली एफआरपी २०२४-२५ ला ३४०० झाली, मूळ उतारा पाव टक्क्याने वाढवूनही, आणि साखरेची किमान किंमत तिथेच थांबली. ताळेबंद मलाही वाचता येतो. पण मग हे मान्य करायला हवं की हा धंदा नियमांवरच चालतो. कुठला नियम ठेवायचा आणि कुठला काढायचा एवढाच वाद आहे आणि त्या वादात ज्याची मंत्रालयात ऊठबस आहे त्याचं पारडं जड.

२०२३ च्या सप्टेंबरात तर राज्याबाहेर ऊस न्यायलाच बंदीचा आदेश निघाला होता. आमच्या सीमाभागात निपाणी-चिकोडीकडचे कारखाने हे हक्काचे दुसरे गिऱ्हाईक. ओरड झाली, संघटना उठल्या आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला. आबा तेव्हा म्हणाले होते, “पुन्हा झोनबंदीच की ही.”

आता दादाचं ऐका, कारण त्याला वगळून या विषयावर बोलणं अन्याय आहे.

उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपला किती कागद लागतात हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुकान-आस्थापना, कामगारांची रजिस्टरं, पीएफ, ईएसआय, जीएसटी, व्यवसाय कर, वजनमापं, महापालिका, अग्निशमन, प्रदूषण मंडळ. एकच माहिती तीन खात्यांना तीन वेगवेगळ्या नमुन्यांत. ज्या कायद्यात फॉर्म उशिरा भरल्याबद्दल मालकाला तुरुंग लिहिलेला असतो, त्या कायद्याने प्रत्यक्षात कुणी तुरुंगात जात नाही. पण ती ओळ दाखवून टेबलाखालून काय मागायचं ते मागता येतं. मी स्वतः अशा नोटिसा हाताळल्या आहेत. आलेल्या माणसाचा आवाज, दादाचं उगाच हसणं, चहा मागवणं, हे बघून मला रडू यायचं. तीस वर्षं ज्याने स्वतःच्या हाताने मशिनवर काम केलं त्याने कुणासमोर असं का हसावं?

म्हणून २०२३ मध्ये जनविश्वास कायदा आला तेव्हा दादाला बरं वाटलं आणि मलाही. ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. कित्येक ठिकाणी तुरुंग जाऊन दंड आला. अशा किरकोळ चुकांपायी छोट्या माणसाच्या मानेवर तलवार लटकत ठेवणं चूकच होतं.

पण त्याच यादीत पर्यावरण संरक्षण कायदाही होता. १९८६ चा, भोपाळनंतर आलेला. त्यातल्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होती. आता तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे आणि तो ठरवणारा एक अधिकारी. पाणी प्रदूषणाच्या कायद्यातही २०२४ मध्ये तशीच दुरुस्ती झाली, राज्यांनी ठराव करून स्वीकारायची.

मी पंचगंगेकाठची आहे. कारखान्याचं मळीमिश्रित पाणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्याचा रंग चहासारखा होतो, काठाला फेस येतो आणि बंधाऱ्याला मेलेले मासे लागतात. शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी हे इतक्या वेळा बघितलंय की बातमीतला फोटो कुठल्या वर्षीचा ते ओळखता येत नाही. दोष एकट्या कारखान्यांचा नाही. कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी, कापड प्रोसेसचं रंगीत पाणी, सगळं त्याच नदीत येतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. नदीखालच्या गावांना हा धडा पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

आता १५ लाखांचा हिशेब करते, तो माझा धंदाच आहे. दिवसाला ५००० टन गाळणारा कारखाना, उतारा १२ टक्के, म्हणजे ६०० टन साखर. किलोला ३१ रुपयेच धरले तरी दिवसाची साखर १ कोटी ८६ लाखांची. हा नफा नाही, विक्रीची किंमत आहे, हे कबूल. तरीही एका उल्लंघनाचा कायद्यातला सर्वांत मोठा दंड म्हणजे दोन तासांत तयार होणारी साखर. हरित लवादाकडून भरपाई होऊ शकते, पण तिथवर कागद घेऊन जाणारा कुणी पाहिजे, वकील पाहिजे, वर्षं पाहिजेत. आणि दुसऱ्या टोकाला दादासारखा माणूस: त्याच्यासाठी दहा हजारांचा किमान दंडही एखाद्या कामगाराच्या पगारातला मोठा हिस्सा असतो.

तुरुंगाच्या कलमाखाली आजवर कोण आत गेलं, असं मला विचारतात. फारसं कुणी नाही, खरं आहे. पण गावातल्या बायका घागर घेऊन प्रदूषण मंडळाच्या दारात बसतात तेव्हा ‘फौजदारी करा’ असं म्हणायची जागा असणं आणि नसणं यात फरक आहे. माझं दुखणं हे आहे की दादाच्या चहाच्या कपामागे नदीचा नियम लपवून नेला. छोट्याचा त्रास पुढे करायचा आणि त्याच गाडीत मोठ्याचं सामान भरायचं. दोन्ही नियम एकाच विधेयकात, एकाच मतदानात, एकाच नावाखाली.

आणि हे आपल्याला कळतं कधी? झाल्यावर. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. काम सुरू करून नंतर परवानगी घेण्याची वाट त्यात होती, काही प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट होती. हा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. लोकांनी हरकती घ्यायच्या, पण मराठीत वाचायला तो नव्हताच. दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करा म्हणून सांगितलं, ३० जूनला, देश टाळेबंदीतून जेमतेम बाहेर पडत असताना. आमच्या गावातला एकही माणूस असा नव्हता ज्याला नदीबद्दल बोलायचं नव्हतं. त्याच्यापर्यंत मसुदा आला नाही, एवढंच. ज्यांच्याकडे दिल्लीत पगारी माणसं असतात त्यांच्यापर्यंत तो पोचायला अडचण नसते.

आपल्याकडे कुठल्या उद्योगाचा कोण माणूस कुठल्या मंत्र्याला, सचिवाला कोणत्या कायद्यासाठी भेटला, याची नोंद जाहीर करायला लावणारा कायदाच नाही. २०१२ मध्ये वॉलमार्टवरून संसदेत गदारोळ झाला तो आठवून बघा. त्या कंपनीने अमेरिकेत, तिथल्या कायद्याप्रमाणे, आपला लॉबिंगचा, म्हणजे धोरण आपल्या बाजूने वळवण्यासाठी केलेला, खर्च जाहीर केला होता. २००८ पासूनचा सुमारे अडीच कोटी डॉलरचा, आणि ज्या विषयांसाठी तो केला त्यांत भारतात बाजार मिळवण्याचा विषयही होता. म्हणजे भारताच्या धोरणाबद्दल कोण खर्च करतंय हे भारतीयांना अमेरिकेतल्या कागदांवरून समजलं. इथे त्या प्रकारचा कागदच नसतो.

पैशाचंही तसंच. कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय पक्षांना देणगी द्यावी अशी मर्यादा होती. २०१७ मध्ये ती काढली. तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकेल, कितीही देऊ शकेल आणि निवडणूक रोख्यांमुळे कुणाला दिली ते मतदाराला कळणार नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. तोवर साडेसोळा हजार कोटींच्या आसपासचे रोखे विकले गेले होते. नंतर रोखे घेणाऱ्यांच्या याद्या बाहेर आल्या तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत त्या चाळत बसले होते. इतर वेळी तोट्यातल्या कंपनीच्या खात्यात एखादा मोठा खर्च दिसला तर मी मालकाला विचारते, हे कशासाठी? त्या याद्यांमधल्या नोंदी बघून तोच प्रश्न विचारावासा वाटत होता आणि उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं.

कोल्हापूरने मात्र एकदा हा प्रश्न रस्त्यावर येऊन विचारला होता. शहरातले रस्ते बांधायचे, त्या बदल्यात तीस वर्षं टोल घ्यायचा, असा करार झाला होता. शहराच्या आत येण्या-जाण्यावर टोल! करारावर सह्या लोकांनी निवडून दिलेल्यांच्याच कारभारात झाल्या आणि त्यात काय लिहिलंय ते लोकांना नाके उभे राहिल्यावर समजलं. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांनी तो करार, त्यातली कलमं, रस्त्यांची लांबी, खर्चाचे आकडे चौकाचौकात समजावून सांगितले. मी त्या सभांना गेले आहे. एन. डी. सर बोलताना घोषणा कमी आणि हिशेब जास्त असायचा. रिक्षावाले, तालमीची पोरं, बाजारातल्या बायका कराराच्या कलमांबद्दल वाद घालताना मी ऐकल्यात. पुढे नाक्यांची जाळपोळ झाली, ती मला आवडली नव्हती, आजही आवडत नाही. २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द झाल्याचं जाहीर केलं. पानसरे तेव्हा नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

त्या सभांनी मला शिकवलेली गोष्ट मी धंद्यात रोज वापरते: करार आधी वाचायचा.

गेल्या दिवाळीत दादाच्या उद्योजक संघटनेने सदस्यांकडून सूचना मागवल्या: कोणकोणते जाचक नियम काढावेत. दादाने तो कागद माझ्यापुढे ठेवला. आबाही बसले होते. आम्ही यादी करायला घेतली. एकच माहिती तीनदा मागणारे फॉर्म काढा, यावर एकमत. दरवर्षीच्या नूतनीकरणाऐवजी पाच वर्षांनी, एकमत. आबांनी मध्येच सांगितलं, “त्ये पंचवीस किलोमीटर लिव्ह की त्यात.” संघटनेचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी मी लिहिलं.

अडलं ते वापरलेल्या तेलापाशी. मशिनचं वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. त्याची नोंद ठेवायची, परवानाधारकालाच द्यायचं, वर्षाला विवरणपत्र भरायचं. दादाला हे यादीत हवं होतं. “अगं, दोन ड्रम तेल माझं. त्याच्यासाठी रजिस्टर?”

“त्ये दोन ड्रम जातंय कुठं?” आबांनी विचारलं.

दादा गप्प झाला. मग चिडून म्हणाला की रजिस्टर लिहायला त्याची ना नाही. त्याचा राग रजिस्टर तपासायला येणाऱ्यावर आहे. बराच वाद झाला. वहिनी जेवायला हाका मारत होती, कुणी उठेना. शेवटी आम्ही असं लिहिलं: तेलाची नोंद राहू दे, विवरणपत्र मोबाइलवरून भरता येईल असं करा, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल असा टाका, छोट्या वर्कशॉपचाही आणि साखर कारखान्याचाही.

खाली मी एक ओळ वाढवली: या विषयावर सरकारकडे ज्यांनी ज्यांनी सूचना पाठवल्या त्या सर्वांची नावं आणि सूचना जाहीर कराव्यात, आणि मसुदा मराठीत काढून गावागावांत वाचायला निदान महिनाभर ठेवावा. केंद्राचं स्वतःचंच २०१४ चं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. मी त्याचा उल्लेखही केला.

दादाने ओळ वाचली. “ही संघटनेकडून जाणार नाही,” तो म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती ओळ मी वेगळ्या कागदावर काढली, खाली माझं नाव घातलं. आबा म्हणाले, माझंबी घाल. दोघांच्या सह्यांचं ते पत्र दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने गेलं.